मागच्या दारचं पाणी

सुमती गेल्याचं मला शोकसभेच्या आमंत्रणातून कळलं. संक्रांत झाल्यावर मी तिसगावला भावाकडे गेले होते. परतीची मोटार माळीवाड्याशी थांबली, पिशवी सांभाळत मी खाली उतरते आहे तोच आमच्या मंडळाचे चिटणीस सायकल हातात धरून समोर आले आणि म्हणाले, "बरं झालं भेटलात. उद्या संध्याकाळी सभा आहे. तुम्ही नात्यातल्या, तेव्हा दोन शब्द तुम्हीच बोला." कसली सभा म्हणून विचारलं तर जरा गडबडले. "म्हणजे... तुम्हाला कुणी कळवलं नाही? सुमतीबाई परवा गेल्या. न्यूमोनिया." आणि श्वास न घेता पुढे, "फार लांबवू नका हं, वक्ते बरेच आहेत." तिसगावला एक तार करायचं कुणाला सुचलं नव्हतं. सभेची पत्रकं मात्र छापून झाली होती, त्यांच्या सायकलीच्या मागं गठ्ठा बांधलेला होता. मी टांगा केला आणि थेट तिच्या घरी गेले. सगळं आटोपलेलं होतं. मागच्या दारी दांडीवर तिचं लुगडं वाळत होतं, आणि मी हात लावून पाहिलं तर ते अजून ओलसर होतं.

आता महिना होऊन गेला. या महिन्यात सुमतीविषयी इतकं गोडगोड ऐकलं आणि वाचलं की मला त्या गोडाची मळमळ सुटली आहे. म्हणून हे लिहिते आहे. कुणाला हे स्मृतिलेखाच्या रीतीला सोडून वाटलं तर वाटो.

सुमती माझी मावसबहीण. माझ्याच वयाची, माझ्याहून अर्धा हात बुटकी आणि चालायला माझ्या दुप्पट वेगाची. नगरात वामनराव वकिलांना दिली तेव्हा मावशी म्हणाली होती, पोरगी सुखात पडली. वामनराव खादी घालत, सभांतून बोलत, बेचाळीसच्या चळवळीत काही महिने तुरुंगातही जाऊन आले. सुमतीला हे सगळं फार आवडे. तीही त्यात पडली, आणि पडली म्हणजे अशी की बाकीच्यांना फक्त बोलायचं काम उरलं. सकाळी चरखा, मग वामनरावांचं कोर्टाचं जेवण, लेक शकूची वेणी, धाकट्या मुलाचं शाळेचं दप्तर, दुपारी कापड बाजारामागच्या खोलीत बायकांचा सूतकताईचा वर्ग. तिथून रेशनच्या दुकानावर, कारण रांगेतल्या बायकांना दुकानदार मापात मारतो म्हणून ती तिथं उभी राही. ती उभी असली की माप नीट पडे. जेवायला बसलेली मी तिला फारशी पाहिलीच नाही. भाकरीची गुंडाळी, आत चटणी, आणि ती खात खात रस्त्यानं चाललेली. केसांत कापसाचे पुंजके. कुणी हसलं तर म्हणायची, "अगं, म्हातारपणी पांढरे होणारच आहेत, आत्तापासून सवय."

पण तिचा जीव होता तो सीना नदीच्या काठच्या वस्तीत. वस्तीतल्या लोकांना आपण अस्पृश्य म्हणत आलो, आता हरिजन म्हणतो, आणि दोन्ही म्हणताना नाकाला पदर लावतो. सुमती तिथं रोज संध्याकाळी जायची. बायकांना अक्षरं शिकवायची, पोरांच्या खरजेला मलम लावायची, कुणाचं बाळंतपण अडलं तर डॉक्टरणीला हाताला धरून न्यायची. मुलांना मांडीवर घ्यायची. मी तिच्याबरोबर जाऊ लागले ती राहुरीच्या शाळेतून माझी नगरला बदली झाल्यावर, म्हणजे वामनराव तुरुंगातून सुटून आल्यानंतर. तेव्हाच मी पहिल्यांदा ती आंघोळ पाहिली.

वस्तीतून परतताना ती पुढच्या दारानं घरात शिरत नसे. बोळातून मागच्या दारी यायची. तिथं आड आहे आणि आडाला लागून एक फरशी. फरशीवर बसून, अंगावरच्या लुगड्यानिशी, बादलीनं डोक्यावरून गार पाणी घ्यायचं, आणि मग ओलेत्यानं आत जाऊन कपडे बदलून स्वयंपाकाला लागायचं. आत न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. पण ओवळ्यानं आत कसं जायचं? आणि बाहेर कुणी पाणी आणून द्यावं तर लाकूडफाटा महाग. वामनरावांची सकाळची आंघोळ झाली की बंब विझायचा तो दुसऱ्या दिवशीपर्यंत. नगरची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याला पौषातलं आडाचं पाणी काय असतं हे सांगायला नको. आणि पुन्हा कुणाचं पोर तापलं म्हणून वस्तीतून बोलावणं आलं की ती जायची, परत यायची, आणि पुन्हा ती फरशी. लुगडी दोन, दोन्ही जाड्या सुताची, तिनंच कातलेल्या. लढाईत कापड मिळत नव्हतं आणि मिळालं तरी ती गिरणीचं नेसत नसे. ती खादी हिवाळ्यात वाळता वाळत नाही. त्यामुळं पुष्कळदा एक दांडीवर ओलं आणि दुसरं अंगावर ओलसर, असाच तिचा हिवाळा जायचा.

वामनराव स्वतः काय करत, तेही सांगते. वस्तीत कार्यक्रम असला की ते यायचे. अस्पृश्यता हा आपल्यावरचा कलंक आहे असं घसा ताणून सांगायचे. तिथल्या कपातला चहा सगळ्यांसमोर प्यायचे, कप जरा उंच धरून, म्हणजे मागच्यांनाही दिसावा. मग टांग्यातून घरी, पुढच्या दारानं आत, पाय धुतले की पाटावर. मी एकदा तोंडावर विचारलं, "तुमची आंघोळ?" तर मोठ्यानं हसले. "मालतीबाई, पुरुषांना बाहेर हिंडावंच लागतं. स्वयंपाकघर बायकांच्या हातात. आई जुन्या वळणाची आहे, तिच्या जिवाला लागतं. एवढं तरी तिच्यासाठी करायला नको?" त्यांची आई म्हणजे काकू. त्या आत माजघरात बसलेल्या असायच्या, कमी बोलायच्या. सगळं नगर म्हणे, वामनराव बिचारे सुधारक, म्हातारी आड येते. मीही त्या काकूंवर भारी खार खाऊन होते. पण मी त्यांना नावं ठेवायला लागले की सुमती माझ्या तोंडावर हात ठेवायची. "काकूंना काही बोलू नकोस गं." तो तिचा चांगुलपणा, असं मी धरून चालले.

"तू ऐकून का घेतेस?" हे मी तिला किती वेळा विचारलं असेल. ती टकळी फिरवत चालायची आणि म्हणायची, "यांनी सांगितलंय, आंघोळ नाही तर वस्तीत जाणं बंद. भांडायला बसले तर सगळी संध्याकाळ जाते बघ. आंघोळ कशी चटकन आटपते." तिच्याजवळ कशालाच वेळ नव्हता, भांडणाला तर नव्हताच. मी म्हटलं, माझ्या खोलीवरून जात जा, मी स्टोव्हवर पाणी तापवून ठेवते, तिथं आंघोळ कर आणि कोरडी होऊन घरी जा. चारसहा दिवस आलीही. ऊन पाणी अंगावर पडलं की डोळे मिटून घ्यायची आणि लहान मुलीसारखी "अहाहा" करायची. मग एक दिवस आली नाही. वामनरावांना कळलं होतं. आमच्या घरात पाणी नाही की काय, लोक काय म्हणतील, असं ते म्हणाले होते. पुन्हा आडाची फरशी सुरू झाली. मला त्या वेळी राग आला होता. आता राग नाही, शिसारी येते, कारण लोक काय म्हणतील याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

वस्तीत गंगूबाई म्हणून एक आहे. सुमतीच्या वर्गातली सगळ्यांत मोठी बाई, पाटीवर आपलं नाव लिहायला शिकली तेव्हा ती पाटी घेऊन घरोघर दाखवत फिरली होती. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी आम्ही निघालो तर तिनं सुमतीला वाटेत उभं केलं. मी शेजारीच होते.

"बाई, एक इचारू का? रागावू नका. तुमी आमच्याकडनं गेल्या की डोक्यावरनं पानी घेता म्हनं?"

 सुमतीला खोटं कधी जमलंच नाही. म्हणाली, "घेते, गंगूबाई. घरात तशी रीत आहे. मी मनानं घेत नाही."

"मनानं न्हाई घेत, पर घेता तर खरं." गंगूबाईच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "माजं लेकरू तुमी मांडीवर घेता. मला लई बरं वाटायचं. आता वाटतं, त्याला घेतल्यामुळं बाईला थंडीत भिजाया लागतं. नगा येऊ बाई. तुमाला बी तरास, आन् आमाला बी."

सीनेचा पूल ओलांडेपर्यंत सुमती भराभर चालत राहिली. मग रस्त्यात थांबून रडली. इतक्या वर्षांत ती तुरुंगाच्या दाराशीही रडल्याचं मी ऐकलं नव्हतं, पहिलं मूल गेलं तेव्हाही ती लवकर सावरली होती. "मालू," ती म्हणाली, "ती मला हाकलत नव्हती गं. माझी काळजी करत होती... मला तिच्याकडे तोंड वर करून जायचंय. आता हे थांबवायलाच हवं." त्याच दिवशी तिनं वामनरावांजवळ विषय काढला. ते चिडले नाहीत. उलट फार गोड बोलले. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आहे, मी उभा राहतो आहे, तेवढी होऊन जाऊ दे, मग तुझी ती आंघोळ कायमची बंद. सुमतीनं मला हे इतक्या आनंदानं सांगितलं की मीही मान डोलावली. गंगूबाईलाही तिनं जाऊन सांगितलं, थोडे दिवस धीर धरा. आणि त्या थोड्या दिवसांत ती वस्तीत नेहमीपेक्षा जास्त खपली, कारण यादीत नावं आहेत की नाहीत, कुणाला कुठं जायचं, हे समजावून सांगायला वामनरावांना दुसरं कुणी मिळत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ आंघोळ.

तिसगावला निघण्याआधी मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा ती फरशीवरूनच उठत होती. ओठ निळे, खोकल्यानं वाकलेली. मी म्हटलं, "आज तरी राहू द्यायचं होतंस." पदर पिळत ती म्हणाली, "अगं थोडेच दिवस राहिलेत." तिळगूळ घ्यायला हात पुढे केला तर वडी बोटांतून निसटून खाली पडली. ती उचलून तिनं तोंडात टाकली आणि हसली. हे आमचं शेवटचं बोलणं.

शोकसभा टोलेजंग झाली. मंडळाच्या सभागृहात सुमतीचा फोटो, त्याला हार, समोर खुर्च्यांवर शहरातली मोठी माणसं. वस्तीतली माणसं मागं, जिथं चपला काढतात तिथं बसली होती. कुणी त्यांना पुढे या म्हटलं नाही. वक्त्यांमागून वक्ते उठले. कुणी तिला माउली म्हणालं, कुणी चंदन. वामनराव रुमालानं डोळे टिपत होते, आणि तो रुमालही तिनंच कातलेल्या सुताचा. मग एक वयस्कर गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सुमतीबाईंचं थोरपण कशात? सेवा केली, पण घरचा धर्म सोडला नाही. कडाक्याच्या थंडीतही स्नान केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं नाही. आजकालच्या मुलींनी हा आदर्श..." आणि टाळ्या पडल्या. टाळ्या!  मागं वळून पाहिलं तर गंगूबाई डोकं खाली घालून बसली होती. माझं नाव पुकारलं गेलं. चिटणिसांनी दोन शब्द बोला म्हणून बजावलं होतं. मी उभी राहिले आणि दोनच शब्द बोलले. "गारठून मेली." आणि खाली बसले. अध्यक्ष म्हणाले, बाईंना शोक अनावर झाला आहे. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात आलं की मयतांच्या नातलग भगिनीचा कंठ दाटून आल्यामुळे त्या फार बोलू शकल्या नाहीत.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकूंनी मला माजघरात बोलावलं. मी जरा घुश्शातच गेले. म्हाताऱ्या बाईनं माझा हात धरला आणि हळू आवाजात बोलायला लागल्या. "मालती, तू माझ्यावर रागावली आहेस. सगळंच गाव रागावलंय, मला कळतं. पण वामन तुरुंगात होता ना, त्या सगळ्या महिन्यांत ती पुढच्या दारानं येत होती. मी बंब पेटवून ठेवायची, वाटलं तर हातपाय शेक म्हणायची. चुलीपाशी आम्ही दोघी एका ताटात जेवलो आहोत... तो सुटून आला आणि दुसऱ्याच दिवशी तिला म्हणाला, आईला चालत नाही, बाहेर आंघोळ करत जा. मी म्हटलं, अरे मला कधी चालत नव्हतं? तर मला म्हणाला, तू गप्प बस, आपल्याला या गल्लीत राहायचंय. आडावर पाणी पडल्याचा आवाज सगळ्या गल्लीला जातो ना गं. त्याच्यासाठी होतं ते. मी त्याच्या घरात राहते, त्याचं खाते. गप्प बसले."

म्हणजे नवरा देशासाठी तुरुंगात होता तेवढेच दिवस बाई उबेत होती. आणि हे सुमतीला पहिल्यापासून ठाऊक होतं. नवऱ्याचं नाव झाकायला तिनं जगाला सासूकडे बोट दाखवू दिलं, आणि सासूला कुणी बोललं की तिच्यानं ऐकवत नव्हतं, म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवत होती. वस्तीची मतं तिच्या पायांनी आणि गल्लीची मतं तिच्या आंघोळीनं. असला हिशेब करणाऱ्या माणसाच्या पानावर मी नुकतीच जेवून उठले होते. मी मागच्या दारी जाऊन ओकले. खरंच ओकले, हे काही लिहिण्यापुरतं म्हणत नाही.

निवडणूक झाली आणि वामनराव निवडून आले. बायको गेलेल्या माणसाला लोक मतं देतात, त्यातून अशी बायको. निकालाच्या दिवशी शकूची वेणी घालायला मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी ताशांचा आवाज आला. मिरवणूक वस्तीतून फिरून आली होती. वस्तीतल्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं, गळ्यात हार होते, टोपीपासून चपलांपर्यंत गुलाल. सगळी गल्ली दारादारात उभी. वामनराव हात जोडत, हसत पायरीशी आले. उंबऱ्यात काकू उभ्या होत्या. आरतीचं ताट असेल असं सगळ्यांना वाटलं असणार. हातात काही नव्हतं.

"वामन, तिथंच थांब," त्या म्हणाल्या. इतका मोठा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "वस्तीतून आलास ना? मागच्या दारानं ये. आडावर बादली भरून ठेवली आहे. आंघोळ कर आणि मग आत पाऊल टाक."

ताशे थांबले. वामनराव गोंधळून हसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन पायऱ्या वर येऊन आईच्या कानाशी वाकले. मी शकूला धरून दाराआडच उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"आई, हे काय आता? लोक बघताहेत. आणि गार पाण्यानं? थंडी किती आहे बाहेर... सर्दी होईल मला."

काकू त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मग बाजूला झाल्या. ते आत आले, पाय धुतले, आणि चहा मागितला.

ती बादली अजून आडाच्या फरशीवर आहे. काकू रोज संध्याकाळी ती भरून ठेवतात आणि सकाळी तुळशीला ओततात. वामनराव पुढच्या दारानं ये-जा करतात, त्या बाजूला जातच नाहीत. परवा मी वस्तीतून निघाले, गंगूबाईचं लेकरू दिवसभर माझ्या कडेवर होतं, आणि मुद्दाम बोळातून मागच्या दारी गेले. बादलीत हात बुडवून पाहिला. बोटं बधिर झाली. दांडीवर आता काही नव्हतं. तशीच ओल्या हातानं मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी कुठून आले हे त्यांना कळलं होतं. त्यांनी पाट माझ्याकडे सरकवला आणि चुलीत दोन लाकडं जास्तीची घातली.